शिट्टी तिसऱ्या मजल्यावर थांबते

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. थोरली असल्यामुळे ते द्यावे लागतात, आतून येताहेत असं समजू नकोस.

आईचा नियम आठवतो ना? भांडायचं असेल तर लिहून भांडा, घरात आवाज नको. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून आपण एकमेकांकडे चिठ्ठ्या सरकवायचो. आता तू दुसऱ्या शहरात आहेस, एवढाच फरक. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दोन मिनिटांत मला हसवतोस, आणि या वेळी मला हसायचं नाही.

काल त्या नव्या लेखिकेच्या, तुझ्या चष्मेवालीच्या, चित्रपटाचा पहिला खेळ पाहिला. अकरा वर्षं तू फक्त माझ्या पटकथांना संगीत दिलंस. मग एक दिवस आपल्या संकलकाकडून, चहा पिता पिता, मला कळतं की तू तिच्यासाठी काम करतोयस. तिचा हा जेमतेम दुसरा चित्रपट. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. तरी मी गेले. चांगले कपडे घालून गेले, तिसऱ्या रांगेत बसले, आणि मनाशी ठरवलं की काम वाईट असलं तर मोठ्या मनानं कौतुक करायचं.

काम चांगलं होतं. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं.

शेवटाकडे तो म्हातारा घरी निघतो आणि शिट्टी सुरू होते. बारक्या, ती बाबांची शिट्टी होती. छापखान्यातून दमून परत आल्यावर जिना चढताना वाजवायचे ती. मला सूर कळत नाही हे तू आणि बाबांनी मिळून मला पुरेसं ऐकवलंय, पण ही शिट्टी मी बहिरी झाले तरी ओळखीन. शेजारच्या माणसानं रुमाल काढला. तो त्याच्या हातातून ओढून घ्यावा असं वाटलं मला. त्याचे बाबा होते का ते?

आता नीट ऐक. गेलं दीड वर्ष मी बाबांवर पटकथा लिहिते आहे. पुरी झाली की तुझ्यापुढे ठेवायची होती, म्हणून बोलले नव्हते. त्यातलं सत्तेचाळिसावं दृश्य हाच सगळा चित्रपट. बाबा पाच मजले चढताहेत, हातात पिशवी, आणि शिट्टी. संवाद एकही नाही. मी लेखिका असून सगळा भार त्या शिट्टीवर टाकला, आणि तू ती दुसरीला देऊन मोकळा झालास. आता माझ्या चित्रपटात ती वाजली तर लोक मलाच चोर म्हणतील.

तू रिकामा नव्हतास म्हणून माझा हा चित्रपट मी त्या मोठ्या संगीतकारांकडे, सतरा व्हायोलिनवाल्यांकडे, दिला आहे. तुला कळलं असेलच. कळावं म्हणूनच दिला.

माझा लोभ आहे तिथेच आहे. तुझा हल्ली कुठं असतो ते कळवावं.
तुझी,
ताई

---

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लिफाफ्यावर माझं नाव तू इतकं दाबून लिहिलंस की पोस्टमननं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

सतरा व्हायोलिनवाल्यांबद्दल मला तुझ्याआधीच कळलं होतं. कसं ते सांगतो. त्यांच्या मदतनिसाचा फोन आला. फार अदबीनं म्हणाला की पटकथेत सत्तेचाळिसाव्या दृश्यात कंसात ‘इथे बारक्या’ असं लिहिलंय, तर हे वाद्य कुठं भाड्यानं मिळतं. ताई, तुझी अकरा वर्षांची खोड! जिथं तुझे शब्द संपतात तिथं तू ‘इथे बारक्या’ लिहून पुढे जातेस, आणि मी काय ते बघतो. परक्या माणसाकडे चित्रपट दिलास, पण हात गेला तो माझ्याच नावाकडे. मी त्याला सांगितलं की ते वाद्य जुनं आहे, टक्कल पडलंय, आणि सध्या दुसरीकडे वाजतंय. फोन ठेवता ठेवता त्यानंच विचारलं, चित्रपट तुमच्या वडिलांवर आहे ना. बाबांवरचा चित्रपट, आणि मला एका परक्याकडून कळावा?

चष्मेवालीचं म्हणशील तर ऐकून घे. तू मला दृश्य पुरं करून देतेस. चारी भिंती बांधून, रंग देऊन, वर खिडकीएवढी जागा ठेवतेस, आणि म्हणतेस यातून वारा आण. शर्टांच्या घड्यांचं ते दृश्य आठव. नवरा गेलेली बाई त्याचे शर्ट आवरते आहे, आणि तू तिला चार पानं बोलायला लावलंस. मी पाया पडलो तेव्हा दोन ओळींवर आलीस. लोक रडले ते त्या रिकाम्या झालेल्या पानांत. बाई गप्प राहून काय लपवते आहे, तेवढंच संगीताला सांगता येतं. तिनं सगळं बोलून टाकलं तर मी नुसता झालर लावणारा. चष्मेवाली माझ्याकडे आली ती कोरी वही घेऊन. म्हणाली, आधी तुम्ही सूर द्या, मग मी लिहिते. जन्मात पहिल्यांदा मला कुणी आधी विचारलं. मी भुललो, कबूल.

आणि शिट्टी माझी आहे. बाबांनी ती मला शिकवली, तुला नाही.

मनातलं एक सांगतो. मी रोज संध्याकाळी दारामागे कान लावून उभा असायचो. शिट्टी एकेक मजला वर यायची. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीत उजेड असायचा म्हणून तू पुस्तक घेऊन बसलेली असायचीस. तिथं पोचली की शिट्टी बंद. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, ताई अभ्यास करतेय ना, म्हणून थांबतात. मग बऱ्याच वेळानं तुम्ही दोघं वर यायचात, पिशवी तुझ्या हातात, आणि दोघंही गप्प. माझ्या वाट्याची शिट्टी तुझ्या पुस्तकापाशी संपायची. दारापर्यंत ती मी कधी ऐकलीच नाही. म्हणून तिच्या चित्रपटात मी ती पाचव्या मजल्यापर्यंत नेली. शेवटच्या दोन ओळी माझ्या आहेत. बत्तीस वर्षं वाट पाहून केल्यात.

बाबा गेले त्या दिवशीही तेच. स्वयंपाकघरात कुठून कोण जाणे पाणी झालं होतं, त्यात घसरून माझा गुडघा फुटला. आलेली सगळी माणसं तुझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. माझा वण अजून आहे, पाहायचा तर ये.

लोभ आहे म्हणून तर इतकं लिहिलं.
तुझा,
बारक्या

---

१८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद. या खेपेला थोडे खरे.

तू शर्टांच्या घड्या काढल्यास म्हणून मीही काढते. त्या चित्रपटावर जिथं जिथं छापून आलं तिथं तिथं तुझ्या बासरीची तारीफ होती. एकानं लिहिलं की त्या दृश्यात शब्द नाहीत हेच त्याचं भाग्य. त्या दोन ओळींवर यायला मला पाच महिने लागले होते! तुझं वाजतं तेव्हा लोकांना ऐकू येतं. मी काढून टाकलेलं कुणाला दिसतं का? ज्याचं जळतं त्याला कळतं. अकरा वर्षं मी तुझी बहीण आहे म्हणून अभिमानानं मिरवते, आणि घरी येऊन जळते. लिहून टाकलं एकदाचं.

सतरा व्हायोलिनवाल्यांकडे काल बैठक होती. त्यांनी विचारलं की नेमकी कुठली शिट्टी. आता मी काय सांगणार? वाजवायचा प्रयत्न केला. नुसती हवा. मग गुणगुणले. त्यांची सगळी माणसं खाली मान घालून वाद्यं पुसायला लागली. शेवटी ते म्हणाले की बाई, तुम्ही लिहा, तेच बरं. लहानपणी जिन्यात बाबा हेच म्हणाले होते, जवळजवळ याच शब्दांत. मी गाडीत बसून रडले. तुझ्यामुळे रडले, हे लक्षात ठेव.

आता तुझ्या शिट्टीबद्दल. चित्रपटगृहात मी रागात होते म्हणून लगेच ध्यानात आलं नाही. तू ती चुकीची वाजवली आहेस. बाबांची शिट्टी पाचव्या मजल्यापर्यंत नव्हतीच, ती तिसऱ्या मजल्यावर संपायची. आणि माझ्या अभ्यासासाठी थांबायची असं तू बत्तीस वर्षं समजत होतास? वेड्या!

तुला सांगून टाकायला हवं. सांगण्यापेक्षा सत्तेचाळिसाव्या दृश्याचं पान सोबत पाठवते. वाच.

रागावू नकोस. बाबांनी मला तेव्हा शपथ घातली होती.
तुझी,
ताई

---

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पान वाचलं. मग उभा राहून वाचलं. मग बायकोला वाचून दाखवायला गेलो, ते जमलं नाही.

म्हणजे बाबांना दम लागायचा. शिट्टी वाजवत तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचे, वर आम्हाला वाटावं की गडी खुशीत आहे, आणि तिथं पायरीवर बसून राहायचे. तू पुस्तकांमागे पाण्याची बाटली लपवलेली असायचीस. ते तुझ्या खांद्यावर डोकं टेकायचे. आईला सांगू नकोस, बारक्याला सांगू नकोस. आणि श्वास जागेवर आला की तू पिशवी घ्यायचीस. मी वर दारामागे दातओठ खात उभा, की माझी शिट्टी हिनं खाल्ली.

ताई, आधी वाईट वाटलं. मग, खोटं कशाला बोलू, आणखीच हेवा वाटला. मला त्यांनी सूर दिला आणि तुला आपला लागलेला दम दाखवला. सूर कुणालाही देता येतो. मी दहा वर्षांचा होतो, मला कळलं नसतं, सगळं खरं. पण बत्तीस वर्षांत तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही? सांगितलंस ते पानावर, दृश्य क्रमांक घालून.

आणि संगीतकार म्हणून एक विचारतो, भाऊ म्हणून नाही. पानावर बाबा शेवटच्या दिवशीही तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसतात, मुलगी शेजारी असते, त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर. त्या दृश्याला मला काही सुचेना. दोन दिवस पेटीवर हात ठेवून बसलो, जे वाजवीन ते गोड वाटायला लागलं. दृश्य खरं असलं की सूर लगेच सापडतो, नाहीतर मी साखर घालत बसतो, हे तूच मला शिकवलंस. त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांनंतर घरी आलीस. मला आठवतंय, कारण मी रक्ताळलेला गुडघा धरून दाराकडेच बघत होतो. तुझ्या हातात पुस्तक नव्हतं. कुठं होतीस?

मी आईलाही लिहिलं आहे. ती बाबांबद्दल काय जाणते ते तीच सांगेल.

लोभ कमी झालेला नाही, जरा जड झालाय.
बारक्या

---

२ मार्च

चि. ताईस व चि. बारक्यास,
दोघांना आशीर्वाद, समसमान. हवे तर मोजून घ्या.

तुमची दोघांची पत्रं एकाच टपालानं आली. तिचं, की यानं शिट्टी पळवली. याचं, की हिनं बाबा पळवले. मी काय न्यायाधीश आहे? दोघांना एकच उत्तर कार्बन घालून लिहिते आहे. वरची प्रत कुणाला यावरून पुन्हा पत्रं नकोत, म्हणून दोघांना कार्बनच्याच पाठवते. वरची मी ठेवली.

तुमच्या बाबांना दम लागतो हे मला ठाऊक होतं. अठरा वर्षं ज्याच्याशेजारी झोपले त्याचा श्वास मला कळणार नाही? मला कळू नये म्हणून त्यांनी पोरीला शपथ घातली. त्यांना कळू नये म्हणून मी गप्प बसले. असा आमचा संसार.

शिट्टी तिसऱ्या मजल्यावर थांबली की मी स्वयंपाकघरातला नळ सोडायची. बारक्या दारामागे उभा असायचा. शिट्टी थांबली असं त्याला वाटू नये, पाण्याच्या आवाजात बुडाली असं वाटावं म्हणून. तरी हा कानाचा तिखट, एक दिवस विचारलंच, तेव्हा तोंडाला येईल ते सांगून टाकलं, की ताई अभ्यास करतेय. बारक्या, ते तू एवढं मनाला लावून घेशील हे कुठं माहीत होतं.

पाणी फुकट जाऊ नये म्हणून नळाखाली काहीतरी ठेवायची. सुरुवातीला ते वर येईपर्यंत पेला भरायचा. पुढे पातेलं भरायला लागलं. शेवटच्या वर्षी बादली.

त्या दिवशी बादली भरली आणि वाहायला लागली. मी नळ तसाच सोडून खाली धावले. ते पायरीवर बसले होते, पिशवी मांडीवर नीट धरलेली. म्हणून घरात पाणी झालं होतं, बारक्या. तुझ्या गुडघ्याकडे बघायला हवं होतं. राहून गेलं.

ताई, तूही एक ऐक. मला तुझा हेवा वाटायचा. मुलीचा हेवा करणारी आई म्हणून मला स्वतःची लाज वाटायची, तरी वाटायचा. ते तुझ्या खांद्यावर डोकं ठेवायचे हे मला पिशवी तुझ्या हातात बघूनच कळलं होतं. मला मात्र रोज दारात हसून दाखवायचे. मीही हसायची, बादली सरकवायची.

आता भांडा खुशाल, पण जेवून घ्या.
तुमची,
आई

---

९ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद, सगळे खरे.

आईचं पत्र आल्यापासून मी घरातला एकही नळ धडपणे सोडू शकलेले नाही. वीस वर्षं पटकथा लिहिते आहे मी! पेला, पातेलं, बादली. एवढं तीन शब्दांत मला कधी जमलं नाही, आणि ती बाई ते स्वयंपाकघरात झाकून बसली होती. तुझा हेवा करून कंटाळले होते, आता आईचा वाटतो.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. एवढ्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी वाचनालयात जाते असं सांगून मैत्रिणीबरोबर मॅटिनीला गेले होते. माझ्या जन्मातला पहिला चित्रपट, मोठ्यांना न विचारता पाहिलेला. इतका आवडला की तसाच लागोपाठ दुसऱ्यांदा बसून पाहिला. दुसऱ्यांदा बसले नसते तर शिट्टी थांबायच्या आधी पायरीवर पोचले असते. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती, भरलेली. लोक डोक्यावरून हात फिरवत होते तेव्हा मला ओरडून सांगायचं होतं की मला हात लावू नका. तुझ्या गुडघ्याला मलम लागलं नाही आणि मला शिक्षा झाली नाही, दोन्ही एकाच दिवशी राहिलं.

म्हणून दीड वर्ष ते दृश्य लिहिते आहे आणि दर वेळी स्वतःला पायरीवर बसवते आहे. तुला सूर सापडला नाही याचा मला राग आला, मग वाटलं की बरं झालं. दुसऱ्या कुणी गोड वाजवून दिलं असतं, आणि मी ते खरं मानून बसले असते.

मी दृश्य नव्यानं लिहिलं. बाबा त्यात दिसतच नाहीत. सगळं स्वयंपाकघरात. खालून शिट्टी येते, पहिला मजला, दुसरा, तिसरा, बंद. दारामागे मुलगा. आई नळ सोडते, पेला ठेवते. मग चित्रपटात पुढे कधीतरी पातेलं. मग बादली. आणि सत्तेचाळिसाव्या दृश्यात बादली भरते, वाहते, आई पळते, पाणी मुलाच्या पायापर्यंत येतं. मध्ये फक्त एकदा जिन्यातली ती पायरी दिसते. खिडकीचा उजेड आहे आणि मुलगी नाही.

दिग्दर्शकानं पान दोनदा वाचलं. मग विचारलं की नळाची कल्पना कुणाची. आईची, असं सांगताना माझ्या जिवावर आलं होतं.

सतरा व्हायोलिनवाले म्हणाले की बादली वाहायला लागली की व्हायोलिनंही वाहायला लागतील, एकावर एक, सतराच्या सतरा. मी नको म्हटलं. तिथं संगीतच नको म्हटलं. तेव्हा ते म्हणाले की मग तुम्हाला संगीतकार कशाला हवाय, आणि नमस्कार करून उठले. भला माणूस आहे, चूक माझीच. त्यांना मी नको तिथं बोलावलं होतं.

तर सत्तेचाळिसाव्या दृश्यात कंसातले ते दोन शब्द, ‘इथे बारक्या’, तसेच आहेत. मी खोडलेच नव्हते. येतोस का?

लोभ वाढवावा, चष्मेवालीच्या वाट्याचा काढून घेऊन वाढवला तरी चालेल.
तुझी,
ताई

---

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुसऱ्यानं ताट सरकवल्यावर मला पानावर बसवतेस, हे मी विसरणार नाही. येतो. न येऊन सांगतो कुणाला!

मॅटिनीचं वाचून मी तुझ्यावर रागवावं अशी तुझी इच्छा दिसते. रागावलो असतो, पण तेव्हा मी काय करत होतो ते आठवलं. दारामागे उभा राहून मनात म्हणत होतो की आज फार वेळ लावताहेत, नक्की हिच्याशी गप्पा मारताहेत. तू तिथं नव्हतीस तरी मी तुझ्यावर जळत होतो. तू सोळा वर्षांची, मी दहा. जाऊ दे आता.

कामाचं बोलू. शिट्टी मी तिसऱ्या मजल्यापर्यंतचीच ठेवली आहे. ती स्टुडिओत खुर्चीत बसून वाजवून पाहिली, फार नेटकी झाली. मग ध्वनिमुद्रकाला खाली माईक लावायला सांगितला आणि इमारतीचा जिना चढत वाजवली. हातात पिशवी घेतली, पिशवीत मुद्दाम वजन भरलं. दुसऱ्या मजल्यावर सूर हलायला लागला. तिसऱ्यावर मला खरंच दम लागला, ताई, आणि मी बसलो. शिट्टी जिथं तुटली तिथं तशीच ठेवली आहे. त्यांनी ती कधी संपवलीच नव्हती, नुसती तुटायची, आणि मी दारामागे समजायचो की थांबवली.

आता तुझं सत्तेचाळिसावं. पेल्याच्या दृश्यात मी शिट्टीमागोमाग हलकेच तंबोऱ्याची एक तार ठेवतो, पातेल्याला तीच तार जरा खाली, बादलीला आणखी खाली. लोकांच्या कानाला सवय लागेल की शिट्टी थांबली की नळ, आणि नळाच्या आवाजाखाली तार. त्या दिवशी फक्त नळ. तार नाही. कुणाला काय गेलं ते सांगता येणार नाही, पण काहीतरी गेलंय एवढं कळेल. अकरा वर्षं तू मला जागा देत आलीस आणि मी भरत आलो. ही पहिली जागा मी रिकामी ठेवतोय. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम, आणि त्यात मी एकही सूर वाजवत नाही. यावर कुणी बासरीची तारीफ केली तर मला सांग, मी त्याच्या घरी जाऊन येईन.

चष्मेवालीला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली, मग म्हणाली की तिच्या चित्रपटातली शिट्टी दारापर्यंत पोचते म्हणून ती वेगळीच आहे, ती तुमची, आणि तिसऱ्या मजल्यावरची तुमच्या बाबांची. शहाणी आहे. सत्तेचाळिसाव्या दृश्याचं पान तिनं वाचायला मागितलं, मी दिलं नाही. तिचा पुढचाही चित्रपट मी करतोय. जळ.

लोभ आहे तो असाच जळता असावा.
तुझा,
बारक्या

---

११ नोव्हेंबर

चि. ताईस व चि. बारक्यास,
आशीर्वाद. कार्बन जुना झालाय, दोघांना सारखंच पुसट दिसेल.

काल तुम्ही मला चित्रपट दाखवलात. अजून थोडं काम राहिलंय म्हणून सांगितलंत, म्हणून लिहिते आहे. खेळ संपल्यावर दोघं माझ्या दोन्ही बाजूंना उभे होतात, आई आधी कुणाकडे बघते ते बघत. मी मुद्दाम चप्पल शोधत बसले.

चांगला आहे. त्या पोराचा गुडघा फुटतो तेव्हा कुणीतरी त्याला उचलून घेतं, ते चांगलं केलंत. तसं झालं नव्हतं, पण व्हायला हवं होतं. चित्रपटात तरी होऊ दे.

ताई, तुझं मॅटिनीचं तिकीट मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कपडे भिजवताना खिशात सापडलं. अर्धं फाटलेलं, मागे तुझ्या अक्षरात त्या चित्रपटातला कसलासा संवाद लिहिलेला. तेव्हा रागावायची शक्ती नव्हती. नंतर वाटलं की एवढी रमली होती पोर, चार तास तरी तिला पायरीवर बसायला लागलं नाही. ते तिकीट मी टाकलं नाही. डब्यात आहे, आलीस की घेऊन जा. बारक्या, तुझ्यासाठी डब्यात काही नाही म्हणून तोंड पाडू नकोस, तुला शिट्टी दिलीय.

आता चूक सांगते. तुमचा नळ खोटा आहे. फार गुळगुळीत वाजतो, दुकानातल्यासारखा. आपला नळ सोडला की आधी दोनदा खाकरायचा, मग थोडी हवा, मग पाणी. तो खाकरला की मला धीर यायचा, की खालीही कुणी असंच खाकरून उठत असेल. तुम्हा दोघांना एवढं कळतं, आणि हे कळलं नाही. तिथं मी होते, तुम्ही नव्हता, म्हणून असेल.

नळ अजून तोच आहे. बदलायला माणूस आला होता, मी परत पाठवला. यंत्र घेऊन या आणि त्याचा आवाज भरून न्या. दोघं एकदम या, कुणाला आधी बोलावलं यावर मला पत्रं नकोत. इमारतीत आता लिफ्ट झाली आहे, पण जिन्यानं या. दोघांचीही वयं झाली आहेत, दम लागला तर तिसऱ्या मजल्यावर बसा थोडं, लपवू नका. शिट्टी थांबली की मी नळ सोडते.

वाट पाहणारी,
आई